भिंगांची पेटी आणि करंज्याचा धक्का

आमच्या घरातली सगळ्यात कोरडी जागा भिंगांची होती. माणसांचा नंबर त्यानंतर. पनवेलच्या जुन्या हायवेला लागून आमच्या दोन खोल्या आणि पुढे रस्त्याच्या तोंडाला बाबांचा फोटो स्टुडिओ, एवढाच पसारा. पावसाळ्यात मागच्या भिंतीला ओल चढायची, अंथरुणांना कुबट वास सुटायचा, बरणीतलं मीठ पाझरायचं, काडेपेटीतल्या चार काड्या ओढाव्या तेव्हा एक पेटायची. पण मधल्या खोलीतलं लोखंडी कपाट आतून कायम उबदार असायचं. भिंतीची ओल लागू नये म्हणून ते भिंतीपासून वीतभर पुढे ओढलेलं होतं, आणि तळाशी बाबांनी एक लहानसा बल्ब बसवला होता, तो बारा महिने जळत असे. वीज गेली की आई मेणबत्ती शोधायला धावायची आणि बाबा कपाटाच्या दारावर तळहात टेकवून उभे राहायचे, पोराचा ताप बघावा तसे.

त्या कपाटात तीन भिंगं होती. बाबांचा कॅमेरा गळ्यात अडकवायचा नव्हता. चांगल्या ट्रंकेएवढी लाकडी पेटी, तिला बाजाच्या पेटीसारखा काळा भाता, मागे दुधी काच, वरून डोक्यावर घ्यायचं काळं कापड. एका फोटोला शाळेतल्या पाटीएवढी एक फिल्म लागायची. अख्ख्या शाळेचा फोटो काढला आणि भिंतीएवढा मोठा केला तरी शेवटच्या रांगेतल्या मुलाच्या शर्टाचं तुटलेलं बटण दिसायचं. त्या कॅमेऱ्याची भिंगं वेगळी ठेवावी लागत. प्रत्येक भिंग एका चौकोनी फळीवर बसवलेलं, ती फळी कॅमेऱ्याच्या तोंडात अडकवायची, काम झालं की काढून घ्यायची. घरात त्यांना थोरलं, मधलं आणि धाकटं म्हणत. धाकट्याला मी अगदी लहान असताना बुरशी लागली होती. काचेच्या आत, पुसता येणार नाही अशा जागी, कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू. त्या वेळी भिंगं त्यांच्या मूळच्या चामडी डब्यांत ठेवलेली असत. "चामडं म्हणजे बुरशीचं माहेर," असं म्हणत बाबांनी ते सगळे डबे टाकून दिले, आईचं धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती पातळ मागून घेतलं आणि त्याच्या पिशव्या शिवल्या. धाकटं काही पुरतं सुधारलं नाही. त्यातून काढलेल्या फोटोवर कायम थोडं धुकं असे. बाबा ते फेकतही नसत आणि वापरतही नसत.

तेव्हापासून घराला धास्ती लागली ती लागलीच. भिंगाची दोन्ही तोंडं झाकलेली हवीत. शटरची स्प्रिंग ताणून ठेवायची नाही, नाहीतर ती दमते. काचेला बोट लावायचं नाही, बोटाचं तेल बुरशी खाते. मासे तळायचे तर मधल्या खोलीचं दार लावून, फटीत ओलं फडकं कोंबून, कारण तेलाची वाफ भिंगावर बसते. कपाटात सिलिकाचे निळे दाणे वाट्यांमध्ये ठेवलेले असत. हवेतली ओल पिऊन ते गुलाबी झाले की आई एका वेगळ्या, त्याच कामासाठी राखलेल्या लोखंडी तव्यावर मंद आचेवर ते भाजायची, पुन्हा निळे होईपर्यंत. न्हावा शेव्याकडे जाणारे कंटेनरचे ट्रेलर दारावरून गेले की अख्खं घर थरथरायचं. त्या थरथरीनं भिंगातले बारीक आटे सैल होतात म्हणून कपाटाच्या चारी पायांखाली बाबांनी ट्रकच्या टायरचे तुकडे सारले होते. तरी ब्रेकची ती लांब फुस्स ऐकू आली की ते हातातला घास तसाच ठेवून कान देत.

आई चिरनेरकडची. तिला या सगळ्याचं हसू यायचं आणि रागही यायचा. दाणे भाजता भाजता ती म्हणायची, "पोरींना सर्दी झाली तर बाम, आन भिंगांना बल्ब. आमच्या आयशीनं वर्षाची सुकट भरून ठेवली, तिला कधी बुरशी आली नाय. तिला बोलवा तुमच्या भिंगांना राखायला."

"सुकटीतनं फोटो निघत नाही ना," बाबा म्हणायचे.

"आन काय भिंगाचं कालवण व्हतंय?"

बाबा हसायचे, पण नजर दाण्यांवर असायची. जरा जास्त भाजले तर निळे दाणे काळे पडतात.

आज मला त्यांची धास्ती नीट कळते. आमच्याच रस्त्यावर तेव्हा कॉम्प्युटरवाली दोन दुकानं उघडली होती. पासपोर्टचा फोटो तिथे चहा येईपर्यंत हातात मिळायचा. बाबांकडे उरलं होतं ते एकच काम, जे त्या दुकानांना जमत नव्हतं: पुष्कळ माणसं एका फोटोत आणि प्रत्येकाचा चेहरा लख्ख. ते काम थोरल्या भिंगाशिवाय होत नसे. बनवणाऱ्यांनी तसं भिंग बनवायचं कधीच सोडून दिलं होतं. फुटलं तर दुसरं नाही. हे वाक्य बाबा फारसं बोलत नसत, पण आम्ही दोघी बहिणी ते ऐकतच वाढलो. धाकटी मनी तर पहिलीत होती, तरी कपाटासमोरून जाताना चवड्यांवर चालायची. पाहुण्यांची मुलं धावत आली की दोन्ही हात पसरून कपाटापुढे उभी राहायची आणि सांगायची, "हळू. आत भिंगं झोपलीत."

बाहेरगावचं काम निघालं की घरात लग्नघरासारखी गडबड आणि सुतकासारखी शांतता, दोन्ही एकदम असत. थोरल्यासाठी सुतारानं सागाची छोटी पेटी बनवली होती. आत कापसाची गादी. स्पंज बाबा वापरत नसत, तो जुना होऊन चिकट होतो आणि काचेला धरतो म्हणायचे. भिंग पिशवीत, पिशवी गादीत, वरून आणखी एक गादी, आणि झाकण लावल्यावर पेटी कानाशी धरून हळूच हलवायची. आतून काहीही वाजता कामा नये. ही पेटी स्कूटरवर न्यायची नाही, एसटीच्या फळीवर ठेवायची नाही, कुणाच्या हातात द्यायची नाही. सामान उचलायला येणारे गफूरचाचा बाबांबरोबर कित्येक वर्षं हिंडले, पण त्यांनाही ती पेटी कधी मिळाली नाही. "मियाँ, तुमची ही अमानत तुम्हीच सांभाळा," असं म्हणून ते स्टँड खांद्यावर टाकायचे. बाबा ती छातीशी धरायचे, डाव्या हातानं खालून आणि उजव्या हातानं वरून. इतकी वर्षं, की रिकामे असतानाही त्यांचे हात कधी कधी तसेच राहायचे.

त्या वर्षी मावशीच्या गावाहून काम आलं. मावशी, म्हणजे आईची मोठी बहीण, करंज्यापलीकडे खाडीच्या त्या तीरावर दिलेली. त्यांच्या गावानं देऊळ नव्यानं बांधलं होतं आणि मुंबई-ठाण्याला गेलेले झाडून सगळे गावकरी एका रविवारी जमणार होते. सगळं गाव एका फोटोत हवं होतं. गफूरचाचा तापानं पडले होते, म्हणून स्टँड मी घेतला. मी तेव्हा दहावी संपवून निकालाची वाट बघत होते. बहिणीकडे जायचं म्हणून आई निघाली, आणि आई निघाली म्हणून मनी. आईनं तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं आणि लसणीची चटणी बांधून घेतली. मनीनं नवा पिवळा फ्रॉक घातला.

उरणच्या एसटीत बाबांनी खिडकीची जागा सोडून मधली घेतली, कारण खिडकीच्या बाजूला धक्के जास्त बसतात असं त्यांचं म्हणणं. पेटी मांडीवर, हात पेटीवर. जासईच्या पुढे ट्रेलरांची रांग लागली. एसटी दोन हात पुढे जायची आणि गचकन थांबायची. दर गचक्याला बाबा मांड्या किंचित वर उचलायचे, म्हणजे धक्का आपल्या अंगात जिरावा आणि पेटीपर्यंत पोचू नये. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळून डोळ्यात जात होता, पण पुसायला हात मोकळा नव्हता. शेवटी मनीनं आपल्या नव्या फ्रॉकच्या कडेनं तो पुसला. आई खिडकीतून बाहेर बघत पुटपुटली, "एवढं जिवाला घोर लावून घेणारा मानूस मी नाय बघितला."

करंज्याला पोचलो तेव्हा पाणी ओसरलेलं होतं. बंदरावर लिलाव उरकत आला होता, काठ्यांवर बोंबील वाळत होते, आणि त्या वासानं आईचा चेहरा एकदम माहेरी आल्यासारखा खुलला. भरती असली की लाँच धक्क्याला सपाट लागते. ओहोटीला मात्र धक्क्याच्या दगडी पायऱ्या शेवटपर्यंत उतराव्या लागत. खालच्या पायऱ्या शेवाळानं हिरव्या आणि कडेला कालवांच्या धारदार शिंपा. लाँच पाण्यावर वरखाली होत होती. ती पायरीला टेकायची, मग हातभर लांब जायची, मग पुन्हा येऊन टेकायची. टेकली की तेवढ्यात पाय टाकायचा. एक खलाशी लाँचीच्या काठावर उभा राहून बायामाणसांना हात देत होता.

हमालानं खाली आणलेला मोठा कॅमेरा त्यानं आधी आत घेतला. मग आई गेली. मग मी स्टँड घेऊन चढले. मागे वळून पाहिलं तर बाबा शेवटच्या पायरीवर उभे होते. डाव्या हातात पेटी, उजव्या हातात मनीचा हात. खलाशी म्हणाला, "मास्तर, ती पेटी द्या माझ्याकडं, आन पोरीला उचलून घ्या."

"नको, नको. जमेल," बाबा म्हणाले.

लाँच टेकली. मनीनं पाय उचलला. बाबांनीही उचलला आणि त्यांचा मागचा पाय शेवाळावर सरकला. ते पडले नाहीत. नुसते झुकले. आणि त्या झुकण्यात त्यांचा उजवा हात मनीच्या हातातून निघाला आणि पेटीवर आला. मी समोरून पाहिलं. हात निसटला नव्हता. बोटं उघडली होती. डाव्या हातानं खालून, उजव्या हातानं वरून, रोज धरत तसंच. आणि मनी पायरी आणि लाँच यांच्या मधल्या फटीत गेली.

ओरडली नाही ती. पिवळं काहीतरी खाली गेलं आणि पाणी हललं, एवढंच. लाँच लांब गेली होती आणि आता परत येणार होती. खलाशानं पाठ लाँचीला लावली, दोन्ही पाय पायरीच्या दगडाला दिले आणि सगळ्या अंगानिशी तिला रोखून धरलं. "आगं बाय! पोर माझी!" आई लुगड्यासकट त्या फटीत उतरली. पाणी तिच्या कमरेपर्यंत होतं, खाली चिखल. तिनं खाली वाकून हात फिरवला, एकदा, पुन्हा एकदा, आणि मनीला फ्रॉकला धरून वर ओढलं. दोघी पायरीवर आल्या आणि खलाशानं पाय सोडले. लाँच धाडकन दगडावर आदळली.

मनीच्या नाकातोंडातून चिखलाचं पाणी येत होतं. एक नडगी शिंपांनी उभी फाटली होती. ती खोकली, आणि मग मोठ्यानं रडायला लागली. त्या रडण्याएवढा गोड आवाज मी पुन्हा ऐकला नाही. बाबा दोन पायऱ्या वर उभे होते. पेटी छातीशी. त्यांच्या ओठांचा रंग गेला होता.

लोकांनी गराडा घातला. कुणी हळद आणली, कुणी फडकं. एक म्हातारी मनीला दटावत म्हणाली, "उड्या मारतंस लाँचीवर? अशी कशी गो तू धांदरट!" दुसऱ्या कुणी म्हटलं, पायात चपला होत्या, म्हणून घसरली. आई मनीची नडगी बांधत राहिली. परत फिरण्यापेक्षा पलीकडे मावशीचं घर जवळ होतं, म्हणून त्या दोघी तशाच ओल्या असताना आम्ही लाँचीत बसलो. इंजिन सुरू झालं. त्या आवाजात बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं आई बाबांना म्हणाली, "शेवाळ होतं. हात सुटला. होतंय कधी."

बाबा पाण्याकडे बघत होते. म्हणाले, "सुटला नाही. मी सोडला."

आईनं मनीचं डोकं आपल्या कुशीत आणखी ओढलं, तिचा कान झाकला जाईल असं.

मावशीनं मनीला कोरडं केलं, गावातल्या डॉक्टरांनी नडगीला टाके घातले. देवळापुढे सगळं गाव उन्हात ताटकळत होतं, म्हातारे खुर्च्यांवर, पोरं खाली चटईवर, बायका ठेवणीतल्या लुगड्यांत. बाबा मावशीच्या ओटीवर बसून होते. गावचा एक वडीलधारा माणूस येऊन म्हणाला, "मास्तर, पोरगी बरी हाय ना? मंग चला, मानसं तापलीत उन्हात." बाबा उठले. देवळापाशी आल्यावर त्यांनी पेटी माझ्यापुढे धरली. "सुमन, तू बसव."

मी ते भिंग कधी हातात घेतलं नव्हतं. बाबांनी बोटं पुढे करून दाखवली. ती थांबतच नव्हती, वाऱ्यातल्या पानासारखी. मी गादी काढली, पिशवी सोडली, टोपणं उघडली. काचेत आभाळ आणि माझी हनुवटी दिसली. भिंग शाबूत होतं, आणि ते शाबूत आहे याचा मला इतका राग आला की एक क्षण वाटलं, द्यावं सोडून. पण मीही त्याच घरात वाढले होते. माझे हात आपोआप खालून आणि वरून असे गेले. फळी कॅमेऱ्याच्या तोंडात बसली, खट् झालं. काळ्या कापडाखाली सगळं गाव उलटं टांगलेलं दिसत होतं, पाय आभाळात, देवळाचा कळस खाली. मी चेहरे स्पष्ट केले, बाजूला झाले, आणि बाबांनी तेवढी कळ दाबली. फोटो चांगला आला. त्या देवळात तो अजून लावलेला आहे. आई त्यात नाही, मावशीही नाही. त्या दोघी आत मनीपाशी होत्या.

घरी आल्यावर बाबांनी पेटी कपाटात ठेवली आणि कानाशी धरून हलवली नाही. दोन दिवसांनी ते चांभाराकडून पेटीला रुंद पट्टे लावून घेऊन आले, पाठीवर घेता येतील असे. मी अजून त्याच पट्ट्यांनी ती पेटी वाहते. आता फोटो काढते मी, बाबा घरी असतात, आणि माझ्याकडे कामाला येणाऱ्या मुलींना मी पहिल्याच दिवशी सांगते की भिंग पाठीवर घ्या, हात रिकामे ठेवा. कारण विचारलं तर सांगते, तोल सांभाळायला बरं पडतं. एवढंच सांगते.

त्या दिवसांत मात्र घरात कुणाला जेवण गोड लागत नव्हतं. मनीच्या जखमेत पू झाला, टाके उसवून पुन्हा घालावे लागले, ताप चढला-उतरला. आई तिच्या उशाशी बसून राहायची आणि बाबा दारात. ते आत यायचे, पंखा कमी-जास्त करायचे, पाणी विचारायचे, पुन्हा दारात जाऊन उभे राहायचे. भेटायला येणारा प्रत्येक जण मनीला तेच ऐकवायचा: लाँचीवर मस्ती करतात का, बाबांचा हात धरायचा की नाही घट्ट? ती छताकडे बघत ऐकून घ्यायची. तिसऱ्या-चौथ्या पाहुण्यानंतर ती स्वतःच म्हणायला लागली, "मी धांदरट आहे." बाबांनी दारातून ते ऐकलं.

दुपारची वेळ होती. आई आत बटाटे चिरत होती. मी मनीला पेज भरवत होते. बाबा आत आले आणि खाटेपाशी खाली जमिनीवर बसले, म्हणजे त्यांचं डोकं तिच्या डोक्याच्या बरोबरीला आलं.

"मने," ते म्हणाले, "त्या दिवशी तू घसरली नाहीस. तू काही मस्ती केली नव्हतीस. माझा तोल गेला, आणि मी तुझा हात सोडला. पेटी धरायला. कुणी काही म्हटलं तर त्यांना हे सांग."

आतला विळीचा आवाज थांबला.

मनीनं तोंडातला घास गिळला. "मला माहीतेय," ती म्हणाली. "तुमी बोटं उघडलीत."

बाबांनी मान खाली घातली. मनीनं अगदी हळू, कुणी झोपलेलं असताना विचारावं तसं विचारलं, "भिंग फुटलं का?"

"नाही."

"मग बरं झालं," मनी म्हणाली आणि सुटकेचा श्वास टाकला.

बाबांनी दोन्ही हातांनी खाटेची कड धरली. "फुटलं असतं तरी चाललं असतं ग, बाळा. फुटलं असतं तर बरंच झालं असतं."

मनीनं माझ्याकडे पाहिलं. बाबा खरं बोलतायत का, असं. तिच्या अख्ख्या आयुष्यात आमच्या घरात असलं वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं. मी मान हलवली. मग ती बाबांकडे वळून, कुठलाही राग न धरता, नुसतं पुढचं ठरवून टाकावं तशी म्हणाली, "मंग परत मावशीकडं जाऊ ना, तवा मला आईकडं द्या."

"देईन," बाबा म्हणाले. "आईकडेच देईन."